डावा दरवाजा

गाडी भंगारात काढा, असं मला गेल्या वर्षभरात ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं. शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलानं सांगितलं. माझा सख्खा भाचा अमोल तर दर रविवारी येऊन सांगायचा, चहा माझा पिऊन. लोक मालेगावला लुंग्या आणि साड्या आणायला जातात. मी दरवाजा आणायला गेले आणि घेऊन आले. जे तिकडे कधी गेले नाहीत त्यांना थोडं मालेगावही यातून कळेल.

अंबड

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. नोकरीत असतानाच स्वतःच्या पगारावर ही छोटी पांढरी गाडी घेतली. आमच्या कॉलनीत तेव्हा बाईनं चालवलेली गाडी नव्हती आणि आमच्या गावातल्या वस्तीत तर कुणाचीच गाडी नव्हती. आता तिला पंधरा वर्षं होत आली. पंधरा वर्षं भरली की गाडी पुन्हा पास करून घ्यावी लागते, तशी तारीखही मिळाली होती. त्याच्या तोंडावरच पाण्याच्या टँकरनं मागे येताना पुढचा डावा दरवाजा चेपला. असा चेपला, की तो लागेचना. मी नायलॉनच्या दोरीनं तो आतून बांधून टाकला आणि गाडी चालवत राहिले.

दोरीनं बांधलेल्या दरवाजावर गाडी पास होत नाही, हे मलाही कळतं. नवा दरवाजा मिळत नव्हता, कारण कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं होतं. डेंटर म्हणाला, पत्रा सडलाय, ठोकून काही उपयोग नाही. आणि पास न झालेली गाडी सोसायटीच्या आवारात उभी करता येणार नाही, असं सेक्रेटरींनी मला लेखी कळवलं होतं. थोडक्यात, दरवाजा नाही तर गाडी नाही.

"मॅम, इमोशनल होऊ नका," शोरूममधला मुलगा म्हणाला. "एक्स्चेंजमध्ये देऊन टाका."

"मी इमोशनल नाही. मला दरवाजा हवाय," मी म्हणाले. त्यानं मला नव्या गाडीचं माहितीपत्रक दिलं. मी ते खिडकी पुसायला वापरलं.

पूर्वी लिंक रोडला भंगाराच्या दुकानांची रांग होती. कारखान्यातून घरी येताना मला ती रोज दिसायची. आता त्यातली बरीच उठली आहेत. एक दुकानदार मात्र आतल्या गल्लीत भेटला. खुर्चीवरून न उठताच त्यानं विचारलं, "पुढचा डावा ना? डावे आधी संपतात, ताई. आपल्याकडं सगळे डाव्या बाजूनंच ठोकतात." मग म्हणाला, "मालेगावला हनीफभाईंकडं जा. त्यांच्याकडं नसेल तर कुठंच नाही. पण एकट्या जाऊ नका."

का जाऊ नको, ते मी विचारलं नाही. असल्या सूचना मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. तरी मी एकटी गेले नाही, कारण संध्याकाळी गावाहून दादाचा फोन आला.

"शालू, दरवाजा माझ्या बाजूचा हाय," तो म्हणाला. "मी नाय आलो तर कोन येनार?"

गाव

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अमोलचे वडील. सत्तरीचा आहे, गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. आमचं गाव चांदवडच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत. सकाळी मी निघाले ते द्राक्षांच्या बागा मागे टाकत, कांद्याच्या चाळी दिसायला लागेपर्यंत थांबलेच नाही. फक्त टोलनाक्यावर फास्टॅग वाचणारं यंत्र अडलं तेव्हा थांबावं लागलं. तिथला पोरगेलासा माणूस दोरीकडे बघून म्हणाला, "मावशी, दरवाजा बांधलाय का गाय?" मी म्हटलं, "गाय असती तर तिनं तुझ्यापेक्षा लवकर सोडलं असतं." तो हसला आणि त्यानं हातातलं यंत्र काचेवर फिरवून मला सोडलं.

दादा नेहमीप्रमाणे महामार्गावरच्या फाट्यावर उभा होता. हातात जेवणाचा डबा, डोक्याला धुवून वाळवलेला पटका. मागचे दोन्ही दरवाजे चांगले उघडत होते. मी म्हटलं, "दादा, आज मागं बस."

"मागं बसायचं तर येष्टीनं गेलो असतो." असं म्हणून तो माझ्या बाजूनं चढला. गिअरवरून एक पाय टाकला, कण्हला, दुसरा पाय टाकला, मला, टँकरवाल्याला आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घातल्या आणि अखेर आपल्या जागेवर जाऊन बसला. पुढची डावी जागा त्याची. गाडी घेतल्यापासून तिथं दुसरं कुणी बसलं तरी त्याला खपत नाही.

तो फाट्यावर का येतो, हे सांगायला हवं. फाट्यापासून आमच्या वस्तीला दोन वाटा आहेत. एक सरळ, गावातून, पाराला वळसा घालून जाणारी. दुसरी मागून, ओढ्याच्या कडेनं. दादाच्या लग्नात वरात सरळ वाटेनं निघाली होती. दादा घोड्यावर होता आणि करवली म्हणून त्याच्यापुढे मी बसले होते, हातात लिंबू टोचलेली कट्यार धरून. पाराच्या वळणावर गावातली माणसं उभी होती. आमच्या लोकांनी पारासमोरून घोड्यावर बसून जायचं नाही, असं ती म्हणाली. वाजंत्री थांबली. आमच्या बापानं त्यांच्यापुढे हात जोडले. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा तो वळला आणि त्यानं दादापुढे हात जोडले. दादा उतरला आणि मग त्यानं मला उतरवलं. घोडा रिकामा पुढे नेला आणि नवरदेव त्याच्या मागून चालला. मी तेव्हा लहान होते, पण घोड्याच्या पाठीवरून जमीन किती खाली वाटली होती, ते मला अजून आठवतं.

मी गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा त्याच वाटेनं नेली. हॉर्न दाबून धरला होता. पाराजवळ कुणी काही बोललं नाही, दिवस बदलले होते. पण दादा त्या दिवशी गाडीत नव्हता. "तू जा, मी मागनं येतो," म्हणाला आणि ओढ्याच्या वाटेनं चालत आला. पायी तो पारासमोरून रोज जातो, दूध घालायला, दळण आणायला. पण वाहनात बसून गेलेला नाही, ना बैलगाडीत, ना पोराच्या मोटरसायकलवर. म्हणून त्याला घ्यायचं ते फाट्यावर आणि सोडायचं तेही फाट्यावर. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलत नाहीत, कामाला लागतात.

मालेगाव

राहुडचा घाट उतरला की हवा कोरडी होते. मालेगाव दिसण्याआधी ऐकू येतं. गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खटखट, आणि दोन घरांच्या मधल्या जागेत वाळत घातलेलं रंगीत सूत. आमच्या नाशकात चहा म्हणजे उभ्यानं प्यायचं आणि निघायचं. इथं चहाचं हॉटेल म्हणजे बसायची जागा. लोक एका पेल्यावर सगळ्या जगाचा निकाल लावतात. आम्ही शिरलो त्या हॉटेलात मी एकटीच बाई होते. मालकानं पडद्यामागचं टेबल पुसायला घेतलं. मी दारातल्या टेबलावर बसले, वाऱ्याला. पाच-सहा माना वळल्या.

"बघू दे," दादा म्हणाला. "आपन काय फुकट पितोय?" चहा दाट होता, वेलदोडा घातलेला. दादानं त्यात नानखटाई बुडवली, ती तुटून पेल्यात पडली आणि त्यानं बोटानं काढून खाल्ली. माना परत आपापल्या चर्चेकडे वळल्या.

हनीफभाईंचं यार्ड शहराबाहेर आहे. भोवती पत्र्याची भिंत आणि ट्रक जाईल एवढं फाटक. आत रणरणतं ऊन होतं आणि सावली एकाच जागी, फाटकाच्या उजव्या हाताला असलेल्या मोठ्या कडुनिंबाखाली. तिथं पाच-सहा गाड्या ओळीनं उभ्या होत्या. शेवटी एक जागा रिकामी होती. मी तिथं गाडी लावली आणि नशिबावर खूश झाले.

इथं माझ्या गाडीची एक खोड सांगते. तिची चावी निघत नाही. कुलूप झिजलंय. फिरवली की इंजिन बंद होतं, पण चावी आतच राहते. गेली काही वर्षं असंच चाललंय आणि मला त्याचं काही वाटत नाही. दोरीनं दार बांधलेली गाडी कोण चोरणार? मी चावी तशीच ठेवून उतरले. माझ्या मागून दादा कण्हत उतरला आणि फाटकाबाहेरच्या टपरीकडे गेला. त्याला पुन्हा चहा हवा होता.

हनीफभाई छत्री घेऊन उभे होते. साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, पायांत रबरी चपला. "पुढचा डावा? या मॉडेलचा?" त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली. "मुश्किल है, ताई. पर या, बघू."

ज्यांनी असलं यार्ड पाहिलं नाही, त्यांना वाटतं तिथं कचरा असतो. तसं नाही. इथं घरातल्या फडताळासारखी प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे. बॉनेट एका बाजूला, एकमेकांवर रचलेली. स्टिअरिंग तारेवर ओवून टांगलेली. सीटांचा एक डोंगर, त्यावर मांजर. आणि दरवाजे उभे, भिंतीला टेकून, उजवे वेगळे आणि डावे वेगळे. कुठल्या दरवाजावर 'आईचा आशीर्वाद', कुठल्यावर डॉक्टरचं लाल चिन्ह, एकावर कुणा मुलीनं चिकटवलेली फुलपाखरं. प्रत्येक दरवाजातून कुणीतरी रोज चढत-उतरत होतं, हे तिथं उभं राहिलं की जाणवतं. मला मात्र त्यातला एकच हवा होता.

हनीफभाईंनी पहिला दाखवला, त्याच्या कब्ज्यांची, म्हणजे बिजागऱ्यांची, भोकं जुळत नव्हती. दुसरा मागचा निघाला. "मागचा लावा की," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तेव्हा ते हसले आणि छत्री मिटून स्वतः ओळीत शिरले. ओळीच्या टोकाला, तीन दरवाज्यांच्या मागे एक सापडला. काच शाबूत, हँडल शाबूत, कब्जे घट्ट. आणि रंग लालभडक.

"लाल?" मी म्हणाले.

"रंगाचं काय घेऊन बसलात, ताई? दार उघडायला रंग लागतो का?"

मी तो उघडून-मिटून बघावा तसा हातानं हलवला. मला इतका आनंद झाला, की मी भाव करायलाच विसरले. दोन माणसांनी दरवाजा खांद्यावर घेतला आणि आमची ती मिरवणूक ओळींमधून परत फाटकाकडे निघाली.

कडुनिंबाची रांग

फाटकाजवळ आलो, तर माझी गाडी विटांवर उभी होती. चारही चाकं गेली होती. बॉनेट उघडं, आत बॅटरीची जागा मोकळी. पुढच्या काचेवर खडूनं मोठी फुली. रांगेच्या दुसऱ्या टोकाला हायड्रा, म्हणजे गाड्या उचलायची ती लांब मानेची क्रेन, घरघरत होती. आणि त्या विटांवरच्या गाडीत, पुढच्या डाव्या जागेवर, मांडीवर डबा घेऊन दादा बसला होता.

"हे काय केलं?" मी ओरडले. आयुष्यात इतकी मोठ्यानं मी कधी ओरडले नसेन.

सुपडू नावाचा कामगार पुढे आला. तो बागलाणकडचा, अहिराणी बोलणारा. हातातला पाना खाली ठेवत म्हणाला, "चावी मझारच व्हती. गाडी नीमना खाले व्हती. आम्हले वाटनं, सोडी दिन्ही." मझार म्हणजे आत. मग दादाकडे बोट करून हनीफभाईंना म्हणाला, "हाई बाबा उतरी नही ऱ्हायना, शेठ."

मग उलगडा झाला. कडुनिंबाखालची रांग ही कापायच्या गाड्यांची. लोक गाडी विकायला आणतात, तिथं लावतात, चावी आत सोडून निघून जातात. कागद मागाहून येतात. स्वतःच्या हातानं चावी दुसऱ्याच्या हातात देणं बऱ्याच जणांना जमत नाही, म्हणून इथं पूर्वापार हाच रिवाज. चावी आत सोडली की गाडी सोडली. त्या दिवशी हायड्रा आली होती आणि ती रोज येत नाही, म्हणून कामगारांनी झपाझप हात चालवले. माझी चाकं आणि बॅटरी एका टेम्पोत चढून सटाण्याच्या रस्त्याला लागलीसुद्धा होती. दादा चहा पिऊन परतला तोवर गाडी विटांवर चढली होती, म्हणून तो माझ्या बाजूनं आत शिरून आपल्या जागेवर ठाण मांडून बसला होता.

"मी विकायला नाही आले! तुमच्याच बरोबर दरवाजा शोधतेय ना मी?"

"तो दुसऱ्या गाडीसाठी असेल, ताई. पण चावी छोडली ना तुम्ही अंदर?"

"ती निघतच नाही!"

हनीफभाईंनी मान हलवली. त्यांनी असली कारणं पुष्कळ ऐकली असणार. पुढे कळलं, की तिथं गाडी सोडून गेलेली माणसं पुष्कळदा परत येतात, गाडीत बसून रडतात आणि मग भाव वाढवून मागतात. आम्हीही त्यातलेच, असं त्यांनी धरलं. म्हणून आम्ही नाही म्हटलं की ते भाव वाढवायचे. मी पुन्हा नाही म्हटलं की पुन्हा वाढवायचे. भोवती माणसं जमली आणि सगळी शहाणपणाचं बोलायला लागली. चाकं गेली, बॅटरी गेली, गाडी म्हातारी, दार लाल, आता घेऊन काय करणार? हायड्रावाला हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात दादाच्या खिशातला फोन वाजला. अमोल होता. दादानं फोन स्पीकरवर टाकला आणि मी काय झालं ते सांगितलं.

"आत्या, मग देऊनच टाक ना," अमोल म्हणाला. "आयतंच होतंय. बाबा, तुम्ही उतरा बघू आधी. उगाच तमाशा नको."

दादानं फोन बंद केला आणि डब्याखाली ठेवला.

आता हनीफभाई गाडीच्या खिडकीशी गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की म्हाताऱ्याला उन्हाचा त्रास होईल, वर क्रेन आहे, काही झालं तर? त्यांनी छत्री काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. "चाचा, उतरा. हात जोडतो तुमच्यापुढं."

मी दादाकडे पाहिलं आणि मला पुढचं सगळं आधीच कळलं.

"हात जोडू नको रे बाबा," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मागं एकदा असंच हात जोडलं, म्हनून उतरलो. लग्नाच्या दिवशी, घोड्यावरनं. ही व्हती माझ्यापुढं बसलेली, इवलीशी. तिला बी उतरवलं. आता नाय उतरायचा. उचलायची तर माझ्यासकट उचल."

पंचेचाळीस-पन्नास वर्षांत दादानं ते तोंडातून काढलं नव्हतं. काढलं ते मालेगावच्या भंगारात, बिनचाकाच्या गाडीत बसून, परक्या माणसांपुढे. मला रडू फुटलं. दुःखाचं नव्हतं ते. मला त्याचा इतका अभिमान वाटला, की तिथं कुणी त्याला हात लावला असता तर मी सुपडूचा पाना उचलला असता.

मी चालत दुसऱ्या बाजूला गेले, ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि दार लावून घेतलं. स्टिअरिंग धरलं. गाडीला चाकं नव्हती, पण आम्ही दोघं समोर बघत बसलो.

हनीफभाईंनी जोडलेले हात सोडले. "किसने उतारा था?" त्यांनी विचारलं.

"गावानं," दादा म्हणाला.

हनीफभाई हायड्राकडे वळले. "ए, बंद कर रे ते. जा, चाय पी." मग माझ्याकडे वाकून, अजूनही कुरकुरतच, "पर चावी तो छोडी थी ना, ताई?"

"काढून दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी हात घालून ओढली. निघाली नाही. सुपडूनं ओढली. हायड्रावाला चहा सोडून आला, त्यानं दोन्ही हातांनी ओढली आणि कोपर स्टिअरिंगवर आपटून घेतलं. बॅटरी नसल्यानं हॉर्नसुद्धा वाजला नाही. कुणीतरी तेल सोडलं, कुणीतरी हळू ठोकून पाहिलं. चावी होती तिथंच. आधी सुपडू हसला, मग सगळे हसले आणि हनीफभाईंनी कपाळाला हात लावला.

"या अल्ला! सच बोलत होती बाई."

मग कामाला लागले ते असे, की काढतानाची घाई काहीच नव्हे. चार चाकं आली, चार वेगवेगळ्या गाड्यांची. बॅटरी आली. काचेवरची फुली सुपडूनं स्वतःच्या गमछ्यानं पुसली. दरवाजा बसवायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आते तरी उतरा."

"बसव की. मी आत हाय म्हनून अडतंय का?"

त्यांनी दादाच्या भोवतीनं दरवाजा बसवला. जुना उतरवला, दोरी कापली, लाल दरवाजा कब्ज्यांवर चढवला. मधेमधे दादा सूचना देत होता आणि डब्यातली भाकरी-ठेचा खात होता. त्यानं सुपडूलाही अर्धी भाकरी दिली. हनीफभाईंच्या घरून रोट्या आणि डाळगोश्त आलं, तेही खिडकीतून आत गेलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देऊन मग जेवायचं विचारतात. इथं कुणी विचारलंच नाही, ताट हातात ठेवलं. दादानं दोन्ही ताटं संपवली, माझं धरून.

चाकांचे आणि बॅटरीचे पैसे हनीफभाईंनी घेतले नाहीत. दरवाजाचे मात्र एक पैसा कमी केला नाही. मला ते आवडलं.

निघताना त्यांनी लाल दरवाजा बाहेरून लावून पाहिला. "आगे से," ते मला म्हणाले, "नीम के नीचे गाडी मत लगाना. ऊन सहन करा."

परत

त्या रात्री मालेगावातच राहून दुसऱ्या दिवशी दोघंही नाशिकला आलो; गाडी पास होईपर्यंत दादा घरी जायला तयार नव्हता. कागदावर गाडी पांढरी, म्हणून दरवाजा बाहेरून पांढरा करणं भाग होतं. पेंटर आतूनही करायला निघाला, तर दादा स्टूल घेऊन त्याच्याजवळ बसला. "आतनं लालच ऱ्हाऊ दे." पेंटरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्यांच्या बाजूचा दरवाजा आहे, ते म्हणतील तसं.

अमोल बघायला आला. बापाशी आधी बोलेना. मग दरवाजा उघडून आतला लाल रंग पाहिला, चाकं पाहिली, आणि "चारही वेगळी आहेत," म्हणाला. "आपन बी कुठं सारखे हाय?" असं दादा म्हणाला आणि तो विषय संपला. घोड्याचं अमोलला मी नंतर सांगितलं. त्यानंतर आजवर त्यानं मला गाडी विकायला सांगितलेलं नाही.

पासिंगच्या दिवशी इन्स्पेक्टरनं दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, खाली वाकून पाहिलं. दरवाजा उघडला. "आतून लाल कसा?"

"मालेगावचा आहे," मी म्हणाले.

त्यानं दरवाजा लावला, पुन्हा उघडला, पुन्हा लावला. एकदाही अडकला नाही. गाडी पास झाली. सोसायटीच्या फाटकातून आत येताना सेक्रेटरी झाडांना पाणी घालत होते. मी हॉर्न वाजवला, गरजेपेक्षा थोडा जास्त.

मग दादाला घरी सोडायला निघाले. महामार्गावर त्यानं पूर्ण वेळ काच खाली ठेवली होती आणि कोपर दरवाजावर टेकवलं होतं. फाटा आला. मी नेहमीसारखी कडेला घेतली आणि थांबले. तो उतरला नाही.

"सरळ घे," तो म्हणाला.

मी सरळ घेतली. गावात शिरलो, दुकानं गेली, पिठाची गिरणी गेली. पारावर पाच-सात माणसं बसली होती. बहुतेक मोबाइल बघणारी पोरं आणि टोकाला काठी घेतलेला एक म्हातारा. बरोबर वळणावर दादा म्हणाला, "थांब."

मला वाटलं, इथवर आला आणि आता उतरणार, उरलेलं चालत जाणार. मी थांबले. त्यानं हँडल ओढलं आणि दरवाजा उघडला, सताड, आतली लाल बाजू पारावरच्या सगळ्यांना दिसेल असा. माना वर झाल्या. काठीवाल्या म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. दादानं त्याच्याकडे पाहिलं, आरामात. पाय मात्र आतच होते. मग त्यानं दरवाजा असा आपटून लावला, की पाराच्या झाडावरची पाखरं उडाली.

"लागतोय," तो म्हणाला.

मी गिअर टाकला आणि घाईघाईनं निघायला लागले, तसा त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू घे, शालू. वरातीला घाई नसती."